रस्त्याच्या कडेला बारमाही फुलोरा

एक किलोमीटर रस्ता घ्या आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मीटरची मोकळी पट्टी धरा. ती बरोबर एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन होते. महाराष्ट्रात तीन लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते आहेत. त्यांतल्या बहुतेकांना एवढी रुंद कड नाही. कुठे शेताचा बांध थेट डांबराला भिडलेला असतो, कुठे टपऱ्या असतात, कुठे गावच रस्त्याला चिकटलेले असते. म्हणून या लांबीचा फक्त दहावा हिस्सा हाती लागेल असे धरू. तरीही तीस हजार हेक्टर होतात. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र साधारण एवढेच आहे. फरक इतकाच, की ही जमीन एका डोंगरात एकवटलेली नाही. ती प्रत्येक तालुक्यातून, जवळजवळ प्रत्येक गावाच्या शिवारातून गेलेली आहे. ती विकत घ्यायची नाही, तिच्यासाठी कोणाला उठवायचे नाही. ती आधीच सार्वजनिक मालकीची आहे. आणि आज आपण तिचा उपयोग मुरूम टाकायला, केबल पुरायला, कचरा फेकायला आणि उरल्यासुरल्या जागेत गुलमोहर लावायला करतो.

या जमिनीचे पहिले काम वाहनांना सुरक्षित वाट देणे हे आहे आणि ते कायम राहील. पण तिला दुसरे एक काम देता येते, आणि ते आता तातडीचे झाले आहे. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग आणि इतर परागवाहक कीटकांना वर्षभर खाणे आणि घर मिळेल अशी स्थानिक झाडोऱ्याची सलग पट्टी रस्त्याच्या कडेने उभी करणे, हे ते काम. त्यासाठी आपल्याला वृक्षारोपणाची मोजपट्टीच बदलावी लागेल. किती रोपे लावली, यापेक्षा वर्षाचे किती महिने त्या कडेला फुले होती, हे विचारावे लागेल.

परागवाहकांचा प्रश्न हा निसर्गप्रेमींचा हळवा विषय आहे, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. ती खोडून काढायला शेतच पुरेसे आहे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीकरणावर अवलंबून आहेत, असे जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०१६ च्या अहवालात नोंदवले आहे. गहू-तांदूळ-ज्वारीला वारा किंवा स्वतःचेच पराग पुरतात हे खरे. पण कारले, दोडका, काकडी, कलिंगड यांची नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. एकातले पराग दुसऱ्यात नेणारे कोणी आले नाही तर वेल फुलांनी भरूनही फळ धरत नाही. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला हे नीट ठाऊक असते. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलावरून दुसऱ्यावर जाणारी माशी नसेल तर गोंड्यात बी भरत नाही. सूर्यफूल, डाळिंब, मोहरी, कारळे यांचीही कमी-जास्त हीच कथा. ज्या वर्षी माशी येत नाही त्या वर्षी शेतकरी खताला, बियाण्याला, हवामानाला दोष देतो. उणीव कशाची होती हे त्याला कोणी सांगत नाही.

माशी म्हटले की आपल्याला पेटीतली माशी आठवते. पण आपल्या शिवारात आग्या आहे, सातेरी आहे, झुडपात लहानसे पोळे बांधणारी फुलोरी आहे, भिंतीच्या भेगेत आणि झाडाच्या ढोलीत राहणारी, डंख न करणारी इवली माशी आहे. शिवाय पोळे न बांधता एकेकटीने राहणाऱ्या मधमाश्यांच्या असंख्य जाती आहेत, ज्यांना आपण ओळखतही नाही. जगातल्या मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करून राहतात. काळे मोठे भुंगे वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतात. या सगळ्यांना फुले तर हवीतच, शिवाय न उकरलेली जमीन, उभे वाळके लाकूड आणि न जाळलेले गवतही हवे. मधाच्या पेट्या वाढवून सातेरी आणि पेटीत पाळली जाणारी परदेशी मेलिफेरा माशी वाढतील. बाकीच्या बहुतेकींना पेटी नाही, त्यांना जागाच लागते.

आणि ती जागाच झपाट्याने गेली. पूर्वी शेताचा बांध चांगला पुरुषभर रुंद असे. त्यावर बोर, बाभूळ, करंज, निर्गुडी, रुई, तरवड असा झाडोरा आपोआप उभा राही. जमिनीच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, दर पेरणीला बांध दोन्हीकडून कोरला गेला. गायराने अतिक्रमणांत आणि प्रकल्पांत गेली. ओढ्याकाठची झुडपे जेसीबीने सपाट झाली. तणनाशकाने बांधावरचा उरलासुरला हिरवा थर पिवळा केला. मैलोगणती उसाच्या किंवा सोयाबीनच्या मधोमध राहणाऱ्या एखाद्या रानमाशीने वर्षभर खायचे काय? पीक फुलते तेव्हा आठ-पंधरा दिवस मेजवानी, आणि मग महिनोन्महिने उपास. अशा शिवारात कायम मोकळी राहणारी, कोणाच्या नांगराखाली न येणारी एकच पट्टी उरते, ती रस्त्याची.

तिचा आकारही या कामाला सोयीचा आहे. आग्या माशी अन्नासाठी काही किलोमीटर जाते. पण एकट्याने राहणाऱ्या छोट्या माश्यांची झेप काही शे मीटरच असते. तालुक्याच्या एका टोकाला असलेल्या राखीव जंगलाचा अशा छोट्या माशीला काही उपयोग नसतो. तिला पावलापावलावर फुले लागतात. रस्त्याची कड लांब आणि अरुंद असते म्हणून नेहमीच्या जंगलाला ती अपुरी. पण जंगलाचा तुकडा, देवराई, ओढा, माळ आणि शेत यांना जोडणारी वाट म्हणून तिच्यासारखी दुसरी जमीन नाही. ती थेट शेताला लागून असल्यामुळे तिच्यावर पोसलेली माशी शेतातल्या फुलावर जाणारच.

रस्त्याकडेला झाडे लावण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. सम्राट अशोकाने वाटांच्या कडेने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात कोरलेले आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या रस्त्यांवरची वडा-चिंचेची कमान ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या परंपरेची थोरवी समजावून सांगावी लागत नाही. त्या वडाची आणखी एक गोष्ट आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या पेल्याच्या आत असतात, आणि त्यांचे परागीकरण दोन-अडीच मिलिमीटरची एक गांधीलमाशी करते. साधारणपणे प्रत्येक जातीच्या झाडाची माशी वेगळी. उंबर फोडल्यावर आत दिसणाऱ्या चिलटांना आपण किडलेल्या फळातले किडे समजतो. त्यांच्याशिवाय ते झाड वंश वाढवू शकत नाही. या माश्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना दुसरे फळलेले झाड सापडावे लागते. म्हणून रुंदीकरणात ओळीने वड तुटतात तेव्हा सावली जातेच, पण त्या माशीच्या प्रवासातले मुक्कामही तुटतात. एका वडाच्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी दहा रोपे लावली हा हिशेब म्हणूनच अपुरा आहे.

अशोकाने सावलीचा विचार केला. नंतरच्या काळात लाकडाचा झाला, मग शोभेचा, आणि अलीकडे संख्येचा. संख्येच्या हिशेबात लवकर वाढणारे, जनावर तोंड न लावणारे, रोपवाटिकेत सहज मिळणारे झाड पुढे आले. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतला वर्षावृक्ष, मध्य अमेरिकेतली सुबाभूळ आणि गिरिपुष्प, आग्नेय आशियातला काशीद, आफ्रिकेतली पिचकारी, कोकणच्या रस्त्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ. गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस आला. त्याच्या दुष्परिणामांमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ही झाडे लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मुळीच नाही. ओसाड जागा लवकर हिरवी व्हावी, ही मागणी होती आणि ती या झाडांनी पुरी केली.

परदेशी म्हणून प्रत्येक झाड कीटकांना निरुपयोगी, असेही म्हणता येणार नाही. गिरिपुष्पावर आणि निलगिरीवर माश्या भरपूर येतात. उलट पिचकारीच्या मधुरसाने आणि परागांनी डंखहीन माश्या मरतात, असे ब्राझीलमधल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे सरसकट निकाल नको, झाडागणिक विचार हवा. पण स्थानिक झाडांची बाजू एका कारणाने कायम वरचढ ठरते, आणि ते कारण मधाच्या पलीकडचे आहे. फुलपाखराला मध अनेक फुलांचा चालतो. त्याच्या अळीला मात्र ठरावीक पानेच लागतात. नारिंगी-काळे बिबळ्या कडवा फुलपाखरू रुईवर अंडी घालते, पिवळे भिरभिरे बहाव्यावर आणि टाकळ्यावर. बांडगुळाला आपण झाडाचा शत्रू मानतो, पण हळदीकुंकवाच्या रंगाचे एक देखणे फुलपाखरू त्याच्याच पानांवर वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू घोषित केले, तो मान मिळालेल्या निलवंताची अळी लिंबाच्या कुळातल्या माकडलिंबूसारख्या झाडांवर पोसते. हजारो वर्षांच्या सहवासातून जुळलेल्या या जोड्या आहेत. परदेशी शोभेचे फूल फुलपाखराला एक घोट मध देईल. पुढची पिढी देणार नाही. पावसाळ्याच्या शेवटी पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस फुलतो, लोक त्यात उभे राहून छायाचित्रे काढतात. तो अमेरिका खंडातला आहे, आणि तो जिथे पसरतो तिथे तेरडा, सोनकी, कुर्डू आणि गवतांच्या कितीतरी जाती मागे हटतात. डोळ्याला सुखावणारे सगळेच त्या जमिनीला मानवते असे नाही.

इथे आणखी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. स्थानिक वनस्पती म्हणजे स्थानिक वृक्ष, असे आपण धरून चालतो. सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्याचा पूर्व भाग, मराठवाड्याचा बराचसा पट्टा हा मुळात माळरानाचा मुलूख. तिथली मूळ वनस्पती म्हणजे पवना, मारवेल, शेडा, कुसळी ही गवते आणि त्यांच्यात विखुरलेली तरवड, हेकळ, बोराटी, हिवर. अशा माळातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दाट ओळीने झाडे लावणे म्हणजे त्या माळाचे भलते रूपांतर आहे. तिथे काही करायचेच असेल तर गवताचे आणि रानफुलांचे बी पसरावे, झुडपे राखावीत, आणि अधूनमधून एखादे बाभूळ-हिवर उभे राहू द्यावे. कोकणात आणि गोव्यात चित्र वेगळे: तिथे करंज, उंडी, भेंड, सुरंगी, कुडा. मार्च-एप्रिलमध्ये फुललेली सुरंगी माश्यांच्या गुणगुणीने कशी भारून जाते, हे वेंगुर्ल्याकडच्या माणसाला सांगायला नको. विदर्भात पळस, मोह, धावडा. घाटमाथ्यावर जांभूळ, गेळ, हिरडा, कारवी. मुंबईतल्या एका निविदेत एकच यादी करून ती चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत लावली, तर ती यादी स्थानिक म्हणून लिहिलेली असली तरी स्थानिक राहत नाही.

यादीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: वेळापत्रक. आपल्याकडची बहुतेक देखणी झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात. काटेसावर, पळस, पांगारा जानेवारी ते मार्च. मग मोह, जांभूळ, कडुनिंब. एप्रिल-मेमध्ये करंज, शिरीष, बहावा, ताम्हण. त्या चार-पाच महिन्यांत माशीला ददात नसते. खरा दुष्काळ पडतो पावसाळ्यात. महाराष्ट्रातल्या मधपाळांना जून ते ऑगस्टमध्ये पेट्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, तो त्यामुळेच. रस्त्याकडेच्या लागवडीत पावसाळ्यात आणि त्याच्या आसपास फुलणाऱ्या वनस्पतींना म्हणून मानाचे स्थान द्यायला हवे: खैर, बाभूळ, हिवर, पावसाच्या उत्तरार्धात फुलणारी बोर, शिंजीर पक्ष्यांनाही बोलावणारी मुरुडशेंग, आणि जमिनीलगतचा तेरडा, कुर्डू. मग हिवाळ्यात रानतुळस, धायटी. अशा बारा-पंधरा जाती एकत्र नांदल्या तर एका किलोमीटरवर वर्षाचा एकही महिना कोरडा जाणार नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. कोणते झाड कधी फुलते आणि त्यावर कोणती माशी येते, याचे ज्ञान या राज्यात आहे. रस्ता बांधणारे खाते आणि हे ज्ञान बाळगणारी माणसे एका टेबलाशी बसावीत, एवढेच काय ते घडायचे आहे.

आता मांडणी. डांबराला लागून असलेली साइडपट्टी मोकळीच हवी. तिथे गाडी थांबते, माणूस चालतो. ब्रिटनमधल्या पाहण्यांत रस्त्याच्या अगदी काठच्या पहिल्या दोन मीटरांत फुलेही कमी आणि कीटकही कमी आढळले. त्यामुळे तो पट्टा आखूड गवताचा ठेवण्यात निसर्गाचेही फारसे नुकसान नाही. त्यापलीकडे रानफुले आणि उंच गवत, त्यापलीकडे झुडपे, आणि अगदी हद्दीच्या कडेला वृक्ष. वळणावर आणि चौकाजवळ नजर अडेल असे काहीच उंच नको. दुभाजकाबद्दल मात्र आपण नेमके उलटे वागतो. कडा उजाड ठेवतो आणि फुलांची हौस दुभाजकात भागवतो. तिथल्या फुलापर्यंत पोचायला कीटकाला भरधाव वाहनांची रांग ओलांडावी लागते. दुभाजकात कण्हेर असते ते एका अर्थी योग्यच आहे. समोरच्या दिव्यांचा झोत ती अडवते, जनावरे तिला खात नाहीत आणि तिच्या फुलात मधुरस नसतो, त्यामुळे माश्यांना ती फारशी ओढत नाही. मध देणारे झाड कडेला आणि मध न देणारे मधोमध, हा साधा नियम प्रत्येक महामार्गाच्या आराखड्यात लिहिला गेला पाहिजे.

लावण्यापेक्षा राखणे अवघड, आणि राखण्यापेक्षा न बिघडवणे अवघड. पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असत. आपापल्या तुकड्यातली झाडे, गटारे, खड्डे त्यांना तोंडपाठ असत. आज हे काम ठेक्याने होते. पाऊस ओसरला की झुडपे काढण्याचा ठेका निघतो आणि यंत्र एका सपाट्यात कडा बोडक्या करून जाते. सोनकी-तेरडा फुलात असतो, गवताचे बी अजून गळायचे असते, नेमक्या त्याच वेळी. उन्हाळ्यात कोणीतरी काडी लावतो. गवताबरोबर अळ्या, कोश आणि लहान रोपे जळतात. मग उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिले कोण येते? गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले, आणि पसरताना त्याला खोदलेली, उकरलेली रस्त्याची कड सगळ्यांत जास्त मानवली. घाणेरीचे आणि रानमोडीचेही तसेच. आपण स्थानिक झाडोरा साफ करतो आणि स्वतःच तणांना निमंत्रण देतो. यावर उपाय महागडा नाही. कापणी नोव्हेंबरनंतर, बी गळून गेल्यावर करावी. एका वर्षी एकाच बाजूची करावी. कापलेले गवत जागेवर न कुजवता उचलावे किंवा जनावरांसाठी गावाला द्यावे. आग आणि तणनाशक बंद करावे. गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

यातले पुष्कळसे इतरत्र करून पाहिलेले आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उंच गवताची मूळ प्रेअरी जवळजवळ सगळी नांगराखाली गेली. हजारात एक हिस्साही उरला नाही. तिथे १९८८ मध्ये रस्त्याकडेच्या झाडोऱ्यासाठी कायदा झाला, निधी उभा राहिला आणि कडांवर प्रेअरीची मूळ गवते आणि फुले परत आणण्याचे काम सुरू झाले. आपल्या माळरानांची अवस्था पाहता हे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकानंतर फुलांची कुरणे ९७ टक्के नाहीशी झाली. तिथल्या डॉर्सेट परगण्याने कडा वारंवार कापणे थांबवले आणि कापलेले गवत उचलायला सुरुवात केली. माती हळूहळू निकस झाली, गवताचा जोर ओसरला, रानफुले वाढली आणि कापणीचा खर्चही उतरला. त्याच परगण्यातल्या वेमथ या गावाच्या नव्या रस्त्यावर उतारांना सुपीक माती टाकलीच नाही. उघड्या चुनखडीवर रानफुलांचे बी पेरले आणि पुढे तिथे फुलपाखरांच्या कितीतरी जाती येऊ लागल्या. आपल्या रस्त्यांच्या खोदाईतले मुरमाड उतार याच दृष्टीने पाहायला हवेत. त्यांच्यावर बाहेरून काळी माती आणून हिरवळीचे गालिचे अंथरण्याचा खर्च कशासाठी? मुरमावर आणि कातळावर जगणे हे सह्याद्रीतल्या रानफुलांचे जन्मजात कसब आहे.

या विचाराला होणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पहिला शेतकऱ्याचा. कडेच्या झाडाचा वसवा पडतो, त्याखालचे पीक मरते. गुंठ्या-गुंठ्यावर जगणाऱ्या माणसाची ही तक्रार क्षुल्लक नाही. जिथे शेत अगदी लागून आहे तिथे वृक्ष नकोत. तरवड, निर्गुडी, धायटी, करवंद अशी झुडपे आणि गवत पुरे. मोठी झाडे गायरान, पडीक, ओढा, घाटरस्ता अशा ठिकाणी. दुसरा आक्षेप आग्या मोहोळाचा. उंच काटेसावरीवर पोळी बसली आणि कोणी दगड मारला तर अनर्थ होतो. बसथांबे, टोलनाके, शाळा यांच्यापासून अशी झाडे दूर ठेवावीत, एवढी काळजी पुरे आहे. तिसरा आक्षेप गंभीर आहे: वाहनांच्या धडकेने कीटक मरतात, तर त्यांना रस्त्याजवळ बोलवायचेच कशाला? कीटक मरतात हे खरे. पण या विषयावरच्या संशोधनाचा आजवरचा कौल असा, की नीट राखलेल्या कडांपासून परागवाहकांना होणारा लाभ या हानीपेक्षा मोठा आहे. शिवाय रस्ते आहेतच, कीटक ते ओलांडणारच. कडेला काही नसले तर ते अन्नाच्या शोधात अधिक वेळा ओलांडतील. चौथा आक्षेप फवारणीचा. शेजारच्या शेतात ऐन फुलोऱ्यात सकाळी औषध मारले तर कडेची माशीही मरणार. म्हणून ही लागवड फवारणीच्या शिस्तीला पर्याय ठरू शकत नाही. संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारा, हे सांगणे तिच्याबरोबरच चालू ठेवावे लागेल.

पैशाचे कारण मात्र मान्य करण्यासारखे नाही. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी राखण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी चढत्या उद्दिष्टांची वृक्षलागवड मोहीम राबवली. इच्छा आणि निधी दोन्ही होते. मोजपट्टी मात्र रोपांच्या संख्येची होती. संख्या मोजली की खड्डा आणि रोप मोजले जाते; झुडूप मोजले जात नाही, गवत तर मोजणीतून बाहेरच. उलट जागा मोकळी दिसावी म्हणून आधी तेच काढले जाते. जिथे आपोआप उगवलेली निर्गुडी आणि बोर होती तिथे ती काढून गुलमोहर लावला, तर कागदावर एका झाडाची भर पडते आणि जमिनीवर दहा जातींची घट होते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. रस्त्याच्या प्रत्येक नव्या कामात लागवडीचा ठेका रोपांच्या संख्येवर न देता, पाच वर्षांनी किती जाती टिकल्या आणि कोणत्या महिन्यात काय फुलते, यावर द्यावा. लागवडीआधी तिथे काय उगवलेले आहे याची नोंद करावी आणि जे स्थानिक आहे ते हलवू नये. बी त्याच तालुक्यातून गोळा करावे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत आज तरवड, धायटी, मुरुडशेंग मागितली तर मिळणे कठीण. मागणी निश्चित झाली तर गावातले बचत गट ती रोपे आनंदाने करतील. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली. कडा राखण्याचे, गाजर गवत उपटण्याचे, पहिले तीन उन्हाळे पाणी घालण्याचे काम त्या योजनेत बसवणे अवघड नाही. मैलकुलीचे पद नव्या नावाने, नव्या प्रशिक्षणासह परत आणता आले तर त्याहून चांगले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो कोरड्या विदर्भ-मराठवाड्यापासून इगतपुरीच्या पावसापर्यंत वेगवेगळ्या मुलखांतून जातो. प्रत्येक मुलखाची वेगळी यादी करून हा विचार राज्यभर कसा राबवता येईल, ते दाखवायला याहून योग्य रस्ता नाही.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्या गावाचा जोडरस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा असतो आणि त्याच्या कडांचे काय करायचे यावर ग्रामसभेला आपले म्हणणे मांडता येते. यंदाच्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: आमच्या हद्दीतल्या रस्त्याची कड नोव्हेंबर संपेपर्यंत कापली जाणार नाही, तिला आग लावली जाणार नाही, आणि तिच्यावर तणनाशक मारले जाणार नाही. या ठरावाला एक रुपयाही लागत नाही. पुढच्या श्रावणात तुमच्या कडेला काय काय फुलले याची यादी शाळेतल्या मुलांकडून करून घ्या, आणि ती यादी हातात घेऊन बांधकाम खात्याकडे जा. लागवडीची पहिली खरी यादी तीच असेल.